अपोलेनाची आंबट विहीर

आमच्या गावाचं नाव स्तुदना, आणि आमच्या चेक भाषेत स्तुदना म्हणजे विहीर. गावात विहीर एकच, कचेरीच्या पायऱ्यांसमोर, आणि तिला आजवर पाण्याचा थेंब लागलेला नाही. परगावचे लोक हे ऐकून हसतात. हसू देत. हसून झालं की जमिनीची नोंद करायला आणि लग्नाचा परवाना काढायला त्यांना मुकाट्याने इथंच यावं लागतं. आख्ख्या टॉलिव्हर काउंटीची कचेरी इथं आहे, कोर्ट इथं आहे, तुरुंगसुद्धा इथंच आहे, आता त्यात बहुतेक वेळा शेरीफच्या बायकोचे बटाटे असतात हे सोडा.

मागच्या महिन्यात गावाच्या वाढदिवसाला पुढारी मंडळींनी विहिरीशेजारी एक गुळगुळीत दगड बसवला. त्यावर कोरलंय की येथील औषधी झऱ्याच्या गुणामुळे हे स्थान कचेरीसाठी निवडण्यात आलं. औषधी झरा म्हणे. त्या झऱ्यात काय होतं हे विचारायला माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि मी तो झरा स्वतःच्या हाताने भरलाय. बरं, ते एक वेळ जाऊ दे. पण दगडावर अपोलेना व्रबकोवाचं नाव नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय. तर आता ऐका.

अपोलेनाला सगळी काउंटी तेता म्हणायची, म्हणजे मावशीच. बुटकी, गोल, डोक्याला निळा रुमाल, कमरेला कायम ॲप्रन. आणि तोंड. त्या तोंडाला देवाने झाकण द्यायचं राहूनच गेलं होतं. मी लिंडग्रेनांच्या घरी सून म्हणून आले तेव्हा गाव वसून झालं होतं. त्याआधीचं सगळं मला तिच्याच तोंडून कळलं, एकदा नाही, शंभरदा. माझा सासरा ओलाउस शेजारी बसून माना डोलवायचा, म्हणजे ते खरंच असणार, कारण ओलाउसला खोटं बोलायची अक्कल नव्हती.

तेताचा नवरा मात्येय. उंच, वाळका, तोंडात विझलेला पाईप. तो दिवसाला चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन बैलांशी. असं जोडपं देव कुठल्या हिशोबाने जमवतो ते त्यालाच ठाऊक.

ही दोघं नेब्रास्काच्या उंच माळावर आली तेव्हा तिथं गवत होतं, वारा होता, तिसरं काही नव्हतं. गवतासकट मातीच्या ढेपा कापून त्यांनी घर रचलं. मूलबाळ झालं नाही. सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे हाच ओलाउस, चालत तासाभरावर, तोही स्वीडिश आणि तेव्हा सडाफटिंग. तेता कोंबड्यांशी बोलायची. कोंबड्या कंटाळल्या की गाईशी बोलायची.

"गाय आटली ना माझी," ती सांगायची. "मी मात्येयला म्हटलं, का रे आटली असेल? तर म्हणतो, तुझ्यामुळे. आठवड्यात एकदा बोलला आणि बोलला तर हे."

पण तिचं खरं दुःख पिसांचं होतं. आमच्याबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. बदकांची पिसं उशीत भरायच्या आधी सोलावी लागतात, मधली टोचरी काडी टाकून दोन्ही बाजूंचं मऊ तेवढं घ्यायचं. हे काम हिवाळ्यात करायचं, आणि एकटीने करायचं नसतंच. टेबलाभोवती आसपासच्या बायका हव्यात, खसखशीच्या गोड पोळ्या हव्यात, आणि प्रत्येकीकडे दुसरीबद्दल सांगण्यासारखं काहीतरी हवं. एकटी बाई पिसं सोलत बसली तर आमच्याकडे लोक हळहळतात, हिला कुणीच उरलं नाही म्हणतात. तेताने एकटीने सोलली नाहीत. पिसांची पोती घरात रचत गेली आणि उशा तशाच काड्यांसकट भरल्या. मात्येय सकाळी उठायचा तेव्हा त्याच्या गालावर टोचल्याच्या खुणा असायच्या. तो काही बोलायचा नाही, हे सांगायला नकोच.

आता एक गोष्ट मात्र तेताकडे अशी होती की तिच्यासाठी लोक लांबून गाडी पाठवायचे. ती पाणाडी होती. वाळुंजाची बेचक्यासारखी ओली फांदी दोन हातांत धरून ती रानातून चालायची, आणि जमिनीखाली पाणी असलं की फांदीचं टोक खाली ओढलं जायचं. तिने दाखवलेली विहीर कोरडी गेली असं एकदाही झालं नव्हतं. खोड एवढीच की फांदी पहिल्या सकाळीच वाकली तरी ती सांगायची नाही. "जमीन अजून बोलत नाही," म्हणायची, आणि त्या घरच्या बाईपाशी बसून दोन दिवस गप्पा हाणायची. तिसऱ्या दिवशी जेवून खाऊन पाणी दाखवायची. जागा मात्र खरी तीच. जागेच्या बाबतीत तिने कधी फसवलं नव्हतं.

मग आमच्या भागाची काउंटी व्हायची ठरली आणि कचेरी कुठं बसवायची यावरून रण माजलं. पूर्वेच्या टोकाला ओढ्याकाठी ट्यूक्सबरी नावाचा जमिनीचा दलाल होता. त्याने गवतात खुंट्या ठोकून त्याला प्रॉस्पेक्ट हे नाव दिलं होतं. कागदावर त्याच्याकडे हॉटेल होतं, बँक होती, नाटकगृह होतं. जमिनीवर एक तंबू आणि एक बोकड. माळावरच्या लोकांचं म्हणणं, कचेरी काउंटीच्या मध्यावर हवी, नाहीतर एका दाखल्यासाठी दोन मुक्काम पडतात. निवड करायला सरकारने कॅप्टन प्लमर नावाचा जुना लष्करी माणूस नेमला. माणूस सरळ होता, पण पोटाच्या विकाराने बेजार. त्याने सांगितलं, "मध्यावर बसवायला माझी हरकत नाही. पण कापणीनंतर मी बघायला येईन तेव्हा मला तिथं विहीर दिसली पाहिजे आणि तिचं पाणी प्यायला मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर प्रॉस्पेक्ट."

माळावरचे लोक सरळ तेताकडे आले. तेता, पाणी दाखव.

ते गेल्यावर तेताला झोप लागेना. कचेरी म्हणजे वकील, वकील म्हणजे वकिलाची बायको. दुकान येणार, लोहार येणार, म्हणजे दुकानदाराची बायको, लोहाराची बायको. आणि कचेरी प्रॉस्पेक्टला गेली तर उरलेले शेतकरीसुद्धा हळूहळू तिकडे सरकणार आणि हिने मरेपर्यंत कोंबड्यांना गोष्टी सांगायच्या. "तेरेझ्का," ती मला म्हणाली होती, "मी त्या घरात वेडी व्हायला लागले होते. हसू नकोस. मी एकदा शेगडीशी भांडले आणि मला वाटलं ती उलट बोलली." मी हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती फांदी घेऊन निघाली. मागून मात्येय, ओलाउस आणि बाकीची मंडळी. ओलाउसच्या रानापलीकडे एक खोलगट जागा आहे, तिथं फांदी अशी ओढली गेली की तिच्या तळव्याची साल निघाली. तेताने हिसडा देऊन फांदी वर केली आणि म्हणाली, "डास." आणि चालायला लागली. तिचं म्हणणं, ती जागा घरापासून तासाभरावर. तासाभरावरचं गाव काय कामाचं? चुलीवरचं भांडं ढवळताना दारातून हाक मारता आली पाहिजे, ॲप्रन न सोडता. तर ती चालत राहिली, बोलत राहिली, उन्हाबद्दल, गुडघ्याबद्दल, मायदेशी बोहेमियात झालेल्या एका चुलत बहिणीच्या लग्नाबद्दल, आणि बोलता बोलता स्वतःच्या दारासमोर चाळीस पावलांवर फांदी खाली गेली.

"इथं," ती म्हणाली.

लोकांनी टोप्या काढल्या. कुणाच्या मनात शंका आली नाही. तेताने सांगितलं म्हणजे संपलं.

खणायला मात्येय खाली उतरला. रहाटावर ओलाउस. आधी काळी माती, मग पिवळी, मग मुरूम, मग नुसती कोरडी रेव. आठवडे गेले. खालून वर बघितलं तर आभाळ बशीएवढं दिसायला लागलं. आणि तेता काय करत होती? काठावर स्टूल टाकून बसली होती आणि खाली तोंड करून बोलत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा अशा जागी होता की उठून गोठ्यात जाऊ शकत नव्हता. ओलाउस सांगायचा, त्या दिवसांत त्याला आख्ख्या बोहेमियाची लफडी पाठ झाली, चेक येत नसतानाही.

पण पाणी लागेना आणि तेताचा आवाज दिवसेंदिवस बारीक व्हायला लागला. कॅप्टन यायला आठवडा उरला. मग एका दुपारी विहिरीची एक बाजू ढासळली. फार नाही, पण रेव धाडकन खाली गेली, धूळ वर आली आणि दोरी हिसकली. तेता काठावर पालथी पडून हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने खालून खोकला ऐकू आला. मात्येय कमरेपर्यंत गाडला गेला होता. हातांनी रेव उपसत होता.

ओलाउस दुसरा दोर आणायला धावला. तेता काठावर पडल्या पडल्या रडायला लागली आणि म्हणाली, "मात्येय, वर ये. इथं पाणी नाही. फांदी वाकली नव्हती, मी वाकवली."

खालून रेव उपसल्याचा आवाज येत राहिला. मग मात्येय म्हणाला, "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"कसं काय?"

मग मात्येय बोलला. एवढं तो त्याआधी कधी बोलला नव्हता. "फांदी खरी वाकते तेव्हा तू गप्प होतेस. तू गप्प होतेस ती तेवढीच वेळ. ओलाउसच्या रानापलीकडे झालीस. इथं आलो तेव्हा तू बहिणीच्या लग्नातल्या गरम सुपाचं सांगत होतीस."

तेता काठावर उठून बसली. रडणं राहिलं बाजूला, तिला संताप आला. "माहीत होतं तर इतके आठवडे खणतोस कशाला, दगडा? मेला असतास ना आत्ता."

त्याने आणखी दोन ओंजळी रेव बाजूला टाकली. मग खालून आलं, "उशी टोचते."

हे सांगताना तेता दर वेळी ॲप्रनने डोळे पुसायची. "बघ ना," ती म्हणायची, "माझ्यावर जीव आहे असं त्या माणसाने जन्मात एकदा सांगितलं, आणि ते खड्ड्यातून सांगितलं." त्याला कळलं होतं, हिला माणसं हवीत. विहीर कोरडी आहे हेही कळलं होतं. पण बायको दाखवते आहे म्हटल्यावर तो खणत राहिला, कारण त्याच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

ओलाउस दोर घेऊन परत आला आणि दोघांनी मिळून मात्येयला वर ओढलं. तो काठावर बसला, पाईप झटकला, तोंडात धरला. तेता म्हणाली, "आता काय करायचं? आठवड्याने कॅप्टन येतोय."

मात्येय म्हणाला, "पिंप."

एवढंच. त्या दिवसाचा त्याचा शब्दांचा साठा केव्हाच संपला होता. पण तेताला पुरलं. तिच्या घरात कोबी आंबवायचं एक पिंप होतं, ओकच्या लाकडाचं, माणूस उभा राहील एवढं. त्यातला कोबी भांड्याभांड्यांत काढला आणि रिकामं पिंप रहाटावरून विहिरीत सोडलं. मात्येयने खाली जाऊन त्याच्या चारी बाजूंनी रेव ठासून भरली, अगदी काठापर्यंत. मग ओलाउसच्या विहिरीवरून गाडीने पाणी आणून पोहऱ्याने आत सोडलं. आणि मुख्य गोष्ट तिथंच राहिली. पिंप धुतलं नाही. कशाने धुणार? पाण्याचाच तर दुष्काळ होता. माळावरची कुठलीही बाई धुवायला पाणी वाया घालवणार नाही, तिच्या मनातसुद्धा येणार नाही. आणि पिंपाला जन्मभराचा कोबी मुरलेला.

कॅप्टन प्लमर आला तो घोडागाडीतून, पोटावर हात ठेवून. त्याच्याबरोबर चकचकीत बुटांचा ट्यूक्सबरीही आला. माळावरची सगळी घरं जमली होती. बायकांना पिंपाचं ठाऊक होतं. पुरुषांतल्या बऱ्याच जणांना नव्हतं, आणि त्यांना सांगू नये असंच ठरलं होतं, कारण पुरुषांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

ओलाउसने पोहरा सोडला. खाली जाऊन तो पिंपाच्या कडेवर आपटला आणि ठक्क असा आवाज वर आला.

"लाकडाचा आवाज आहे हा," ट्यूक्सबरी म्हणाला.

"मग काय असेल, साहेब?" तेता म्हणाली. "बाजू ढासळली होती, खाली लाकूड बसवायला लागलं. माझा नवरा गाडला गेला होता कमरेपर्यंत, या ओलाउसला विचारा, आणि तुम्ही इथं उभं राहून आवाज ऐकताय." यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

पोहरा वर आला. कॅप्टनने पेला भरला, प्यायला, आणि त्याचा चेहरा असा झाला की बायकांनी एकमेकींचे हात धरले. त्याने पुन्हा एक घोट घेतला. तोंडात घोळवला. डोळे मिटले. मग त्याला एक दणदणीत ढेकर आली.

"सहा महिन्यांत पहिली," कॅप्टन हळूच म्हणाला. आणि मग मोठ्याने, "हे खनिज पाणी आहे. पूर्वेला अशा पाण्यासाठी लोक रांगा लावतात."

ट्यूक्सबरीने घोट घेतला आणि थुंकला. "नासलंय हे. खनिज कसलं? कॅप्टन, यात काहीतरी काळंबेरं आहे. ही बाई मघापासून एक क्षण थांबलेली नाही, हिच्यावर माझा विश्वास नाही. एक माणूस खाली उतरवा."

"कोण उतरेल?"

ट्यूक्सबरीने सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट केलं ते नेमकं मात्येयकडे. "हा. हा माणूस कुणाशी बोलत नाही म्हणतात. जो बोलतच नाही तो खोटं कशाला बोलेल?"

कॅप्टनला ते पटलं. मात्येयने पाईप तेताच्या हातात दिला, दोर कमरेला बांधला आणि उतरला. आणि तेता घाबरली, कारण ट्यूक्सबरी म्हणत होता ते खरं होतं. मात्येय जन्मात खोटं बोलला नव्हता. बायकोसाठी खणणं वेगळं. बायकोसाठी सरकारी माणसाशी खोटं बोलणं वेगळं. तो बोलणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तिने त्याला तसं सांगितलंही नसतं.

ट्यूक्सबरी काठावर वाकला. "पाणी आहे का?"

"आहे," खालून आलं.

"किती?"

थोडा वेळ पाणी डचमळल्याचा आवाज. "माझ्या कमरेएवढं."

"झिरपून जातंय का?"

"थेंबभर नाही."

"चव?"

चूळ भरल्याचा आवाज. "आंबट."

कॅप्टन मान डोलावत होता. पण ट्यूक्सबरी बेरकी होता, त्याच्यापुढे प्रॉस्पेक्टचं कागदी नाटकगृह कोसळत होतं. त्याने शेवटचा प्रश्न टाकला, "तळ कसला आहे?"

खालून काही आलं नाही. आणि ओलाउस सांगायचा, त्या वेळी त्याने तेताकडे पाहिलं. ती गप्प होती. हात पुढे धरलेले, मुठी वळलेल्या, जणू त्यांत फांदी आहे, आणि ओठ घट्ट मिटलेले.

"घट्ट आहे," मात्येय म्हणाला. "एकदम घट्ट."

कॅप्टन ताठ झाला. "मला दुसरं काही विचारायचं नाही. कचेरी इथं. गावाला नाव काय द्यायचं?"

तेताला कंठ फुटला. "स्तुदना," ती म्हणाली, आणि मग रात्री जेवणं होईपर्यंत थांबली नाही.

गाव आलं. आधी कचेरी, मग दुकान, लोहार, वकील, दुसरा वकील, कारण एका वकिलाला कामच मिळत नाही. पहिल्याच हिवाळ्यात तेताने पोती बाहेर काढली. चेक बायका, आयरिश बायका, वकिलाची बोस्टनची बायको, सगळ्या टेबलाभोवती बसल्या. बोस्टनवाली विचारत होती की हे सगळं विकत का आणत नाही. मध्यरात्र व्हायच्या आत तिनेच दोन्ही वकिलांच्या घरची अंडीपिल्ली बाहेर काढली होती. मात्येयची उशी भरून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुळगुळीत गालाने उठला आणि म्हणाला, "मऊ." तेताने ती बातमी गावभर केली.

प्यायचं पाणी ओलाउसच्या विहिरीवरून गाडीने यायचं. लोकांना सांगितलं होतं, खनिज पाणी रोज प्यायचं नसतं, बाधतं. पुढे यंत्राने खणायची सोय झाली तेव्हा ओलाउसच्या रानापलीकडच्या खोलगट जागेत खणलं, पवनचक्की बसवली आणि नळ गावात आणला. तिथं बदाबदा पाणी लागलं. तेता कडेला उभी राहून तळवे बघत होती.

पण आंबट विहीर सुटली नाही, कारण कॅप्टन प्लमर पुढे आमच्याच काउंटीचा न्यायाधीश झाला. कोर्ट भरायचं तेव्हा तो पोटावर हात ठेवून यायचा, सकाळ संध्याकाळ पेलाभर पाणी घ्यायचा आणि जाताना सुरई भरून न्यायचा. म्हणून कोर्टाच्या आदल्या दिवशी पिंप भरायचं आणि त्यात आंबवलेल्या कोबीचं पाणी घालायचं, असं ठरलं. बायकांच्या पाळ्या लागल्या. गावात नवी सून आली की तिला चर्च दाखवायचे, कचेरी दाखवायचे, आणि मग तेता तिला बाजूला घेऊन विहीर समजावून सांगायची. एकीनेही नवऱ्याला सांगितलं नाही.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी आपली माहेरच्या पद्धतीचा कोबी केला, शहाजिरं घालून. कॅप्टनच्या पेल्यात दाणे तरंगले. त्याने पेला उजेडात धरला. मी तेताकडे पाहिलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

तेताने पेल्यात डोकावून पाहिलं. "तळची वाळू, साहेब. पाणी मुरलं की वर येते. हे सगळ्यात गुणकारी." कॅप्टनने दाणे चावून खाल्ले आणि दुसरा पेला मागितला. त्या दिवसापासून शहाजिरं घालायचंच असा तेताने नियम केला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तेरेझ्का, तू जन्मलीस तीच या गावासाठी." मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी आहे. कॅप्टन म्हातारा होऊन, धडधाकट पोटाने, झोपेत गेला. तो गेल्यावर पाळ्या थांबल्या. पिंप कुजलं, खाली बसलं. विहिरीत कुणी पडू नये म्हणून फळ्यांचं जाड झाकण ठोकलं.

मात्येय गेला तो मार्च महिन्यात, खुर्चीत बसल्या बसल्या, इतका शांतपणे की तेता त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिली होती. दफनाला आख्खी काउंटी लोटली. सगळे तेताकडे बघत होते, ती काय बोलते म्हणून. ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. आम्ही बायका पाळीपाळीने जाऊन बसलो, पिसं घेऊन गेलो, गावातल्या ताज्या भानगडी घेऊन गेलो. बोस्टनवालीने तर एक रचूनच आणली. तेता मान हलवायची. जिच्यासाठी हे गाव इथं आलं ती त्या गावाच्या मधोमध मुकी बसली होती आणि मला ते सहन होईना.

शेवटी मी तिचा हात धरला आणि तिला विहिरीपाशी नेलं. "धर," मी म्हटलं. आम्ही दोघींनी झाकण उचलून बाजूला केलं. मी कचेरीतून स्टूल आणलं आणि तिला काठावर बसवलं. आतून थंड मातीचा वास आला, थोडा कोबीचा अजूनही. ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मात्येय, वकिलाची बायको तुझ्या दफनाला पिवळी टोपी घालून आली होती." आणि सुरू झाली. लोक पायऱ्यांवरून येत जात होते. कुणी हसलं नाही, शेरीफने तर टोपी काढली. संध्याकाळपर्यंत ती बोलत होती. मग थांबली आणि पुढे वाकून कान दिला.

मी विचारलं, "काय म्हणतोय?"

"ऐकतोय," तेता म्हणाली.

मग तिने डोळे पुसले, ॲप्रन झटकला, आणि आम्ही दोघींनी झाकण परत बसवलं. ते एकटीला उचलत नाही, म्हणून पुढे ती होती तोवर रोज संध्याकाळी कुणीतरी बाई तिच्याबरोबर जायचीच.